अण्णांचा तपासनीस

अण्णा मारायचे. त्यांच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. रत्नागिरीत त्यांच्या कॉम्प्युटर क्लासला गेलेल्या कुणालाही विचारा, त्याचा हात आधी कानाकडे जाईल. चूक दिसली की मागून, न बोलता, लाकडी फूटपट्टी बोटांच्या पेरांवर बसायची. फूटपट्टी मोडली तर उघडा तळवा, कानावर. आणि तासाभराने त्याच पोराला कोपऱ्यावर नेऊन कोकम सरबत पाजायचे. "जाळ झाला ना रे कानाचा? पी." आम्ही प्यायचो. मी आधी त्यांचा मार खाणारा विद्यार्थी होतो, मग त्यांचाच मदतनीस झालो.

एकदा अशाच थपडीने एका पोराच्या कानातून रक्त आलं, ते थांबेना. अण्णांनीच त्याला स्कूटरवर घालून डॉक्टरकडे नेलं. कानाचा पडदा फाटला होता. क्लास बंद झाला. पुन्हा उघडला तेव्हा प्रत्येक मशीनवर अण्णांनी लिहिलेला एक छोटा प्रोग्राम होता.

तेव्हा आम्ही वेबपेज करायला नुकते शिकवू लागलो होतो. पानाचे रंग, अक्षरं, चौकटी ज्या फाइलीत लिहितात त्या स्टाइलशीटमध्ये नवशिके हमखास घोळ घालायचे. आता काळ्या पडद्यावर 'तपास' असं टाइप करून पुढे फाइलचं नाव दिलं की तो प्रोग्राम ती वाचायचा आणि इंग्रजी अक्षरांत मराठी बोलायचा : 'नववी ओळ. कंस बंद करायचा राहिला. होतं असं. लाव आणि परत विचार.' चुका दहा असल्या तरी एका वेळी एकच दाखवायचा. मी म्हटलं, "अण्णा, सगळ्या एकदम दाखवल्या तर वेळ वाचेल."

"एकदम दहा ठोसे खाल्लेला माणूस उभा राहतो काय रे, मेल्या? मी खाल्लेत. बापाचे."

पोरं तपास चालवायची तेव्हा अण्णा गॅलरीत जाऊन उभे राहायचे, दोन्ही हात काखेत दाबून. "त्यालाच विचारा. त्याचा स्वभाव माझ्यापेक्षा बरा." फूटपट्टी कुठे गेली कुणाला कळलं नाही. ताकीद एकच असायची : "वाटेल तेवढं चुका. मला खोटं सांगू नका. मग माझं मला आवरायचं नाही."

आवरलं होतं त्यांनी. ते मी मोडलं.

एका आंबेवाल्या व्यापाऱ्याचं पान मालगुंडच्या संदेशने केलं होतं. गुणी, अबोल पोर. त्याने तपास चालवला, 'चूक सापडली नाही' असं आलं, आणि तो डबा खायला खाली गेला. तेवढ्यात मला वाटलं, मथळा जरा केशरी हवा. त्याच्या मशीनवर बसून मी रंग बदलला आणि घाईत कंस खोडला गेला. परत तपास चालवला नाही. मला कशाला लागतो तपास?

व्यापारी आला. पान उघडलं तर मथळ्याखालचं सगळं विस्कटलेलं. तो हसला. "अण्णानूं, यापेक्षा आमच्या पेटीतलं गवत नीट लावलेलं असतं हो!" अण्णांनी तपास चालवला. कंस उघडाच राहिलेला.

"तपासलं होतंस?"

"हो अण्णा. चूक नाही असंच आलं होतं."

"माझ्या तोंडावर?"

पहिल्या थपडीला संदेश खुर्चीवरून पडला. दुसरीला त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं आणि ओठ दाताने आरपार फाटला. खाली पडल्यावरही अण्णा मारत होते. कीबोर्डवर रक्त सांडलं. मी दारात उभा होतो. "मी केलं" एवढंच म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी संदेशचे वडील आणि चुलते आले. "माज्या पोरावर हात टाकतोस?" म्हणत त्यांनी अण्णांना जिन्यावरून ओढत अंगणात आणलं आणि काठ्यांनी झोडपलं. मनगट मोडलं. अण्णांनी उलट हात उचलला नाही. "मारा," एवढंच म्हणत राहिले. तेव्हाही मी वरच उभा होतो. क्लास त्या दिवशी संपला.

काही वर्षांनी मी त्यांच्या खोलीवर गेलो. वाकलेल्या मनगटाने त्यांनी चहा केला. म्हणाले, "पोराला फार मारलं मी. पण एक आहे, तो खोटं बोलला होता. एवढ्याच आधारावर झोप लागते बघ."

ती झोप मी काढून घेतली. सगळं सांगितलं.

मला वाटलं होतं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि खुंटीवरचा सदरा काढला. "मालगुंडची एस्टी आहे ना आत्ता?"

संदेश कलमांना पाणी घालत होता. ओठावरचा व्रण मिशीतून दिसत होता. अण्णा कुंपणाशीच थांबले. "तू खरं बोलला होतास."

"अण्णा, आता कशाला ते?"

"मला आज कळलं रे."

संदेशने माझ्याकडे पाहिलं. त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही. त्याने अण्णांना हात धरून ओटीवर नेलं. मी कुंपणाबाहेरच राहिलो. मला कुणी बोलावलं नाही.

परतीच्या एस्टीत मी अण्णांसाठी खिडकीची जागा धरली होती. ते पुढे जाऊन कंडक्टरशेजारी बसले. काही वर्षांनी ते गेले, तेव्हा खांदा द्यायला संदेश आला होता. माझ्याशी मात्र त्या एस्टीनंतर अण्णा शेवटपर्यंत एक शब्दही बोलले नव्हते.