त्यांचाच कागद

तो कागद सोबत न्यायचा सल्ला बाबांचा. लिस्बनच्या एका विद्यापीठात एका सत्रासाठी माझी निवड झाल्याचं पत्र आलं होतं आणि त्यात जन्माचा दाखला आणावा असं लिहिलं होतं. डिचोलीला मी शिकवायचो त्या शाळेसमोरच झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे नक्कल काढता आली असती. पण बाबांनी पत्र्याची पेटी उघडली आणि पोर्तुगीज अमदानीतला माझ्या जन्माचा तो पिवळा कागद बाहेर काढला.

"त्यांचोच कागद तो. त्यांका वाचूक येतलो," म्हणाले.

मलाही ते पटलं. इब्रामपुरात आमच्या वाड्यावर तो कुणालाच वाचता यायचा नाही. मलाही नाही, आणि मी वाड्यावरचा पहिला बी.ए. हे सांगायला मला आजही संकोच वाटत नाही. बाबा भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, काजूच्या बागेत राबत. कागदाच्या तळाशी एक लफ्फेदार सही होती. मी लहान असताना तिच्यावर बोट ठेवून ते सांगायचे, "ही माजी सय." रेशनच्या दुकानात मात्र ते अंगठा उठवत. मी त्याबद्दल त्यांना कधी विचारलं नाही.

मी निघालो तेव्हा कागदाकडे बोट दाखवून बाबा एवढंच म्हणाले, "परत हाड हां." म्हणजे परत घेऊन ये.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. मला एम.ए.साठी पेडण्याच्या जुन्या जमिनींचे कागद वाचायचे होते, म्हणून भाषेच्या वर्गासाठी अर्ज केला होता. वर्ग परदेशी विद्यार्थ्यांसाठी होता आणि राहायची खोली त्याच्याबरोबरच मिळायची. नोंदणीच्या खिडकीत माझ्या आईच्या वयाची एक बाई बसली होती. तिने पासपोर्ट चाळला, मग बाबांचा कागद हातात घेतला आणि तिचा चेहरा खुलला. शेजारणीला बोलावून तो दाखवला. मला बरं वाटलं. बाबा म्हणाले तसंच झालं, असं मनात आलं.

मग ती हळूहळू इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही परदेशी नाहीच."

माझा जन्म मुक्तीच्या आदल्या वर्षीचा. त्यांच्या राज्यात जन्मलेल्याला त्यांच्या नागरिकांच्या वहीत नाव घालून घेता येतं, असं तिने समजावलं. मी हसलो, कुणी कौतुक केल्यावर हसतात तसा. मग तिने आवाज खाली आणला. वर्ग परदेशी लोकांसाठी, आणि मी परदेशी की नाही हे साहेब ठरवणार. साहेब सोमवारी येणार होते आणि तो गुरुवार होता. पासपोर्ट आणि कागद एका पाकिटात गेले, पाकीट कपाटात गेलं. "काळजी करू नका," ती म्हणाली, "तुम्ही घरी आलात."

त्या घरात मी चार दिवस काढले. तात्पुरत्या खोलीची खिडकी एका भिंतीसमोर उघडत होती. ओळखपत्र नसल्यामुळे मेस बंद होती. खिशात पासपोर्ट नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या बेकरीपलीकडे जायची छाती होत नव्हती. आईने बांधून दिलेलं खाजं आणि पाव, एवढ्यावर राहिलो. करायला काही नाही म्हणून एकच शर्ट रोज धूत होतो. जनेल म्हणजे खिडकी, मेज, पाव; हे शब्द आमच्या बोलीत पोर्तुगीजातूनच आलेले. खोलीतल्या वस्तूंना मी नावानं ओळखत होतो, पण वाक्य एकही जुळवता येत नव्हतं. गावी मराठी की कोंकणी यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेले मी पाहिले होते. इथे तिसऱ्याच भाषेने मला धरून ठेवलं होतं.

सोमवारी साहेबांनी दोन अर्ज पुढे ठेवले. माणूस सौम्य होता, रागावायलाही जागा नव्हती. पहिल्या अर्जावर सही केली तर मी त्यांचा, मग वर्ग नाही. दुसरा म्हणजे मी भारतीय, परदेशी, दुसरा कसलाही हक्क सांगत नाही. पण त्याला जन्माचा मूळ कागद कायमचा जोडायचा, मला त्याची झेरॉक्स मिळेल. दोन्ही नको असतील तर कागद घेऊन घरी परतायला मी मोकळा होतो. पुढे पहिल्या अर्जासाठी, पोर्तुगीज पासपोर्टाच्या आशेने, आमच्याकडच्या लोकांनी रांगा लावल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही. मला ते जमलं नसतं एवढंच.

आणि रिकाम्या हातांनी परतणंही जमलं नसतं. सगळा वाडा मला बसपर्यंत पोचवायला आला होता.

सही करण्याआधी मी त्या बाईला म्हटलं, इथे ठेवून जातो आहे ते काय आहे ते तरी वाचून दाखवा. तिने वाचलं. मुलगा, गाव, आईचं नाव, बापाचं नाव, धंदा मजुरी. शेवटच्या ओळीशी ती थांबली, मग हळू आवाजात म्हणाली, "लिहिता येत नसल्याने बापाने सही केली नाही." खालची सही अधिकाऱ्याची होती. तिने उगाच माझी माफी मागितली. मला ते ठाऊकच होतं. पण तोवर कुणी मोठ्याने वाचलं नव्हतं.

मी दुसऱ्या अर्जावर सही केली.

सत्र संपलं, मी परत आलो. संध्याकाळी ओसरीवर दोन शेजारी येऊन बसले होते. मी झेरॉक्स बाबांच्या हातात दिली. त्यांनी तळाच्या सहीवरून अंगठा फिरवला.

"अस्सल खंय?"

त्यांनी ठेवून घेतला, मी म्हटलं.

बाबा शेजाऱ्यांकडे वळून म्हणाले, "सय बरी दिसली, म्हणान ठेवलो." आणि कागद माझ्यापुढे धरला. "आता तुका वाचूक येता मरे? वाच."

आता वाचता येत नाही असं म्हणायची सोय नव्हती. मी उभा राहून वाचलं. मुलगा, गाव, आईचं नाव, बापाचं नाव. धंदा मजुरी म्हटल्यावर बाबांनी मान डोलावली. शेवटच्या ओळीशी आलो तेव्हा तिघंही माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"आणि खाली बापायची सय," मी वाचलं.