सत्तेचाळीस सेंटिमीटर तांब्याची तार

आखातात, देऱ्यातल्या त्या खोलीत आम्ही दोघंच राहायचो, काका आणि मी. काका माझे नात्याने कुणी नव्हते. मूळचे दापोलीकडचे, एका ट्रेडिंग ऑफिसात चहापाणी बघायचे. मी त्याच ऑफिसात नवा कारकून. तालुक्याच्या कॉलेजातून भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला, घरातला पहिलाच पदवीधर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खोलीवर आणलं, जेवू घातलं आणि 'ग्रॅज्युएट' हे नाव ठेवून टाकलं.

काकांचा धाकटा भाऊ एका मालवाहू लाँचवर खलाशी होता. लाँच खाडीच्या जवळ आली की तो वायरलेसवर इतर लाँचवाल्यांशी बोलायचा, आणि ते काकांच्या जुन्या रेडिओ-स्कॅनरवर ऐकू यायचं. त्यातून उलट बोलता यायचं नाही, नुसतं ऐकायचं. भावाचा आवाज आला की काका भात टाकायचे आणि डबा घेऊन धक्क्यावर जायचे.

त्या जूनमध्ये लाँच आली नाही. मालकाच्या ऑफिसात रोज एकच उत्तर मिळे, "इन्शाल्ला, आज-उद्या येईल." असे अकरा दिवस गेले. स्कॅनर तर महिनाभर नुसता खरखरत होता. जुना झाला, असं आम्ही धरून चाललो होतो.

"काय रे ग्रॅज्युएट, तुझं शिकणं काही कामाला येईल का?" काकांनी विचारलं. चेष्टेचा सूर होता, पण डोळे स्कॅनरवर होते.

मी कामाला लागलो. बोटींच्या वायरलेसची तरंगलांबी दोन मीटरला थोडी कमी. तिचा चौथा भाग धरून अँटेनासाठी सत्तेचाळीस सेंटिमीटर तांब्याची तार कापली, खाली तिरक्या चार तारा जोडल्या आणि ते सगळं कपाटावर उभं केलं. फ्रिज बंद केला, ट्यूबलाइट बंद केली. खरखर कमी झाली, पण माणसं विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी वाटत होती. एक वीत सरकवलं की एखादा शब्द यायचा, आणखी वीतभर सरकवलं की तोही जायचा.

"देव्हारा मांडतोयस काय? बसव रे एकदाचा कुठेतरी," काका म्हणाले.

शुक्रवारी दुपारी मी ती अँटेना खिडकीशी नेली. तिथे सगळ्यात चांगलं ऐकू यायला हवं होतं. तिथे होते ते आवाजही गेले. मी काचेकडे बघितलं.

काचेवर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल होती. उन्हासाठी त्या बिल्डिंगमध्ये सगळेच लावायचे. काकांची कॉट खिडकीखाली, दुपारचं ऊन त्यांच्या तोंडावर यायचं. त्यांनी माझ्यासाठी इतकं केलं, आपणही काहीतरी करावं, म्हणून मे महिन्यात, लाँच निघून गेल्यावर, मीच ती चिकटवली होती. उजेडाची रेघसुद्धा आत येणार नाही इतकी नीट. धातूचा पत्रा लहरी अडवतो, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं.

मी ती ओरबाडून काढली. ऊन कॉटवर पडलं आणि खोलीत माणसं बोलायला लागली, अगदी शेजारी बसून बोलावीत तशी. त्यात एकजण हिंदीत भावाच्या लाँचचं नाव घेऊन हाका मारत होता. नाव घ्यायचा, थांबायचा, पुन्हा घ्यायचा. त्या थांबण्यात काका स्कॅनरला कान लावायचे. चौथ्यांदा त्याने नाव घेतलं नाही.

"या फॉइलमुळे ऐकू येत नव्हतं?" काकांनी विचारलं.

"हो."

"धाकट्याने हाक मारली असती, तर?"

"लाँच लांब असती तर एरवीही ऐकू आली नसती, काका."

"आणि जवळ असती तर?"

खोटं बोलायला हवं होतं. "ऐकू आली असती," मी म्हणालो.

काका उन्हात कॉटवर टेकले. मग म्हणाले, "माझ्यासाठीच लावलीस ना रे?" आणि उठून तोंड धुवायला गेले. तो प्रश्न त्यांनी परत कधी काढला नाही. ऑगस्टमध्ये ते कायमचे गावी गेले.

लाँच सापडली नाही. भावाचा आवाज त्या महिन्यात आमच्या खिडकीपर्यंत आला होता की नाही, हे सांगू शकेल असं आता कुणीच नाही.