उलटा हात

त्या श्रावणात जोह्यातल्या आमच्या कारखान्यात गणपती वाळेनात, म्हणून मोठे दिवे लावले. फ्यूज सारखा उडायचा. मी त्यात जाड तार घातली. मग भिंतीतून जळकट वास येऊ लागला.

पेणहून आलेल्या वायरमनने भिंतीला उलटा हात लावला आणि माझी तार उपटली. टीव्हीच्या बिघडलेल्या स्टॅबिलायझरमधला रिले त्याने लाकडी पेटीत बसवला. लोड वाढला की 'टक' होऊन अर्धे दिवे आपोआप विझत.

"उलट्या हातानं का बघता?" मी विचारलं.

"सुलटा लावला नि करंट आला, तर मूठ मिटते गो. सुटत नाय." त्याच्या तळहातावर भाजल्याचा पांढरा डाग होता.

अजूनही टक झालं की जिवाला बरं वाटतं. बराच वेळ झालं नाही, की उठून भिंतीला उलटा हात लावते.