टपावरचा पट्टा

मामांच्या मते मोठ्या गाडीला तीन बादल्या पाणी पुरतं. पहिली अंगाला, दुसरी चाकांना, तिसरी पुन्हा अंगाला. चौथी लागली तर पुसणाऱ्याचा हात कच्चा. मग कोरडं फडकं, तेही तळहाताखाली धरून. काठीला बांधायचं नाही. काठीला खडा कळत नाही, तळहाताला कळतो. खडा निसटला की रंगावर ओरखडा, आणि ओरखडा पडला की एकवीस वर्षांचं नाव मातीत.

इमारतीच्या आवारात मामा रोज सकाळी तीन गाड्या पुसत. तिन्ही उंच, महागड्या, आत तीन-तीन रांगा. काळी कंत्राटदारांची, पांढरी वकिलांची, निळी लाकडाच्या वखारवाल्यांची. तिघे जिन्याखाली भेटले की कंत्राटदार आपल्या गाडीचा जोर सांगत, वकील आराम सांगत, वखारवाले जागा सांगत. आपला तो बाब्या, लोकाचं ते कार्टं. मामा खाली वाकून चाकं घासत आणि मधे तोंड घालत नसत. घातलं असतं, तर तिघांचीही पंचाईत झाली असती.

त्या हिवाळ्यात मामांचा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. डावा जायचा, पण डाव्याला खड्याची ओळख नव्हती. गाडीचं अंग पूर्वीसारखंच लखलखायचं, टप मात्र कडेकडेनेच पुसून व्हायचा आणि मधे धुळीचा पट्टा राहायचा. पांढरीवर वीतभर, काळीवर त्याहून थोडा जास्त. निळी सगळ्यांत उंच, तिच्यावर चांगला हातभर. खालून तो कोणाला दिसत नव्हता. मालक गाडीत बसतात, टपावर बसत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"एक स्टूल घ्या की," बायको म्हणाली.

"स्टुलावर चढून भिंती रंगवतात."

"मग रंगाऱ्यांच्या घरी काय चूल पेटत नाही?"

स्टुलाचा हिशेब मामांनी आधीच करून पाहिला होता. एका गाडीभोवती आठ वेळा चढायचं, आठ वेळा उतरायचं. बावीस मिनिटांचं काम चौतीस मिनिटांवर जाणार. नऊच्या आत तीन गाड्या होणार नाहीत. एक सोडावी लागणार, आणि सोडली की लोक विचारणार, का सोडली? चौकात यंत्राने गाड्या धुणारं नवं दुकान झालं होतं. तिकडे गेलेली गाडी परत येत नाही, हे मामांनी शेजारच्या आवारात पाहिलं होतं.

अशात एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरून निरोप आला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी वर बोलावलं होतं.

चोराच्या मनात चांदणं. तिसरा मजला म्हणजे आवारावरची गॅलरी. गॅलरीतून टप दिसणार. मामा जिना चढले ते पायऱ्या मोजत.

गॅलरीच्या दारात बाईंचे वडील खुर्चीत बसले होते. मांडीवर काठी आडवी. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं.

"आप्पांसाठी मोठी गाडी घ्यायचीय," बाई म्हणाल्या. "माझ्या छोट्या गाडीत त्यांना बसवायला दोन माणसं लागतात. आता व्यायामाला जायलाच नको म्हणतात."

"पोत्यासारखं कोंबून घ्यायला मी काही सिमेंट नाही," आप्पा म्हणाले.

"खालच्या तिघांना विचारलं, तिघांनी आपापली सांगितली. तुम्ही तिन्ही आतून बघता, मामा. कुठली घेऊ?"

"चालत्या गाडीत मी कधी बसलो नाही, बाई."

"चालत्या गाडीचं विकणारा सांगतोच," आप्पा म्हणाले. "उभ्या गाडीचं तुम्ही सांगा."

मामांचा जीव भांड्यात पडला. टपाची गोष्ट नव्हती तर.

"जोर काळीत आहे," ते म्हणाले. "पण तिच्या पुढच्या चाकांवर रोज काळी भुकटी बसते. ब्रेक झिजतात, त्याची. म्हणजे जोरात पळवायची आणि करकचून थांबवायची. खुबा सोडा, दातांनासुद्धा सोसणार नाही."

"माझा धंदा वाढेल," बाई म्हणाल्या.

"पांढरीची गादी लोण्यासारखी आहे. पण दाराच्या उंबऱ्यावर बुटांचे ओरखडे, आणि वरची मूठ रोज तेलकट. माणूस आत रुततो आणि मुठीला लोंबकळत बाहेर येतो. तिसऱ्या रांगेचं म्हणाल, तर दोन वर्षांत तिथे बिस्किटाचा चुरासुद्धा सापडला नाही. तिथे एक छत्री बसते."

आप्पा हसले. "आणि निळी?"

मामांनी मनात हिशेब मांडला. निळी सांगितली की आवारात दुसरी निळी येणार, आणि पुसायला मामांनाच सांगणार. पांढरी सांगितली तर टप बुटका, शिवाय वकिलांचाही मान राहतो. कोणी बोट दाखवलं नसतं. गादी मऊ आहे, एवढंच म्हणायचं होतं.

त्यांनी आप्पांच्या पायांकडे पाहिलं. उजवी चप्पल आतल्या बाजूने झिजली होती. हा पाय पांढरीच्या उंबऱ्यावर कुठे अडकेल, ती जागा मामा बोटाने दाखवू शकले असते.

"निळी घ्या," मामा म्हणाले. "दार पार काटकोनात उघडतं. पायरी आपोआप खाली येते. तळ सपाट. वखारवाल्यांच्या सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत, रोज बसतात, उतरतात. उंबऱ्यावर एक ओरखडा नाही. जोर काळीपेक्षा कमी, गादी पांढरीपेक्षा कडक. पण माणूस आपल्या पायाने आत जातो आणि आपल्या पायाने बाहेर येतो."

"ठरलं तर."

"फक्त पुसायला मला सांगू नका."

"का हो?"

"खांदा आखडलाय. टपाला हात पोचत नाही. तिन्हींवर मधला पट्टा राहतोय, चार महिने झाले."

आप्पांनी काठी जमिनीवर टेकवली. "दोन महिन्यांचा साक्षीदार मी आहे. निळीवर चिमण्यांच्या पावलांची रांग आहे, इथून मोजता येते. रोज वाटायचं, आज हा माणूस स्टूल आणेल. उंबरा चार-चारदा पुसतो आणि टपाला पाठ दाखवतो."

"मालकांना बोलला नाहीत?"

"ते मी का बोलू? पट्टा तुमचा."

दुसऱ्या दिवशी मामांनी तिघांना आपल्या तोंडाने सांगितलं. कंत्राटदारांनी काळी त्याच दिवशी यंत्राकडे धाडली. वकिलांनी वर पाहिलं, टप काही त्यांना दिसला नाही. "नऊपर्यंत होईल ना?" एवढंच त्यांनी विचारलं. वखारवाल्यांनी वखारीतून एक शिसवी स्टूल आणून दिलं आणि वर ऐकवलं, "लाकडाला लाजायचं असतं, तर मी धंदा बदलला असता."

तीन गाड्यांची सहासष्ट मिनिटं होत. आता दोन गाड्यांची अडुसष्ट झाली. कष्ट तेवढेच, गाडी एक कमी. स्टुलावर चढून मामा निळीच्या टपाहून उंच झाले आणि त्यांनी तो पट्टा पहिल्यांदा वरून पाहिला. चिमण्यांची रांग खरंच होती. धूळ दवाने थिजून चिकटली होती. त्यांनी तळहात टेकवला, खडे चाचपले आणि भिजवून भिजवून पट्टा सोडवला. त्या दिवशी चौथी बादली लागली.

गॅलरीतून हाक आली, "डावीकडचा कोपरा राहिला."

"दिसतोय मला," मामा म्हणाले.

बाईंची निळी पुढच्या महिन्यात आली. बाई अकराला निघत, त्यामुळे नऊनंतर तिलाही वेळ मिळाला. पहिल्या दिवशी आप्पा व्यायामाहून परतले, तेव्हा मामा आवारातच थांबले होते. आप्पा उतरून वर गेल्यावर मामांनी दार उघडलं आणि उंबऱ्यावरून बोट फिरवलं. बुटाचा ओरखडा नव्हता. पायरीवर काठीच्या टोकाचा एक बारीक ठिपका होता. तो त्यांनी पुसला.