छबुबाईची ओळ

अभिमन्यूअण्णांना गाणं येत नाही, ही गोष्ट कडा गावच्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. शाळेत शिपाई म्हणून एकतीस वर्षं घंटा बडवली, तेवढाच काय तो त्यांचा संगीताशी संबंध. चर्चमध्ये गीत सुरू झालं की छबुबाई त्यांना कोपर मारायची, म्हणायची, "तुमी नुस्ते ओठ हलवा. देवाला कळतंय." नवराही असा गुणाचा, की चाळीस वर्षं त्यानं ओठच हलवले.

त्यामुळे यंदा डिसेंबर लागला आणि अण्णांच्या घरातून रोज सकाळी गाण्यासारखं काहीतरी ऐकू यायला लागलं, तेव्हा गल्लीला विषय मिळाला. निम्मी गल्ली ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं. मागे उरलेल्या चार माणसांना दुसरा उद्योग तरी काय? शेजारच्या विजयमालाबाईंची तर भिंतीला भिंत. तिसऱ्या दिवशी त्यांनी परसातून विचारलंच.

"अण्णा, शेळीला काय झालं? सकाळपसून वरडतीया."

"शेळी न्हाई. मी हाय."

"अगं बया! मग तर डाक्टरच बोलवावा लागंल. पण गाताय कावून?"

"नाताळ आला न्हवं," एवढंच बोलून अण्णा आत गेले.

विजयमालाबाई हसत हसत धुणं वाळत घालायला लागल्या आणि मधेच थांबल्या. ओळ त्यांच्या ओळखीची होती. छबुबाईची होती.

त्या भागात ख्रिस्ती घरं नऊच, पण त्यांची एक रीत जुनी. नाताळच्या पहाटे चर्चची मंडळी पेटी-ढोलकी घेऊन निघते आणि एकेका बंद दारापुढे उभी राहून विचारते:

"बाळ आलंया गारठ्यात, कोण हाय गं घरात?"

आतून त्या घरच्या बाईनं एकटीनं उत्तर द्यायचं:

"दिवा हाय, ऊब हाय,
निजायाला मांडी हाय."

उत्तर झालं की कडी काढायची. मग सलाम, गळाभेट, चहा, करंज्या. उत्तर आल्याशिवाय दार उघडायचं नाही.

अण्णा आणि छबुबाईला मूल झालं नाही. त्यावर गल्लीनं बोलायचं ते बोलून घेतलं होतं, अण्णांना दुसरी बायको करायचा सल्लाही फुकट देऊन झाला होता. पण ती मांडीची ओळ छबुबाई अशी म्हणायची, की भिंतीपलीकडे विजयमालाबाई अंथरुणात उठून बसायच्या. गल्लीत पाच-पाच लेकरांच्या आया होत्या, त्यांना नाही कधी ती तशी म्हणता आली.

श्रावणात छबुबाईला ताप आला आणि चौथ्या दिवशी ती गेली. तेव्हापासून अण्णांच्या डोक्यात एकच घोळत होतं. नाताळच्या पहाटे मंडळी दारात येणार, विचारणार, आणि आतून काहीच आलं नाही तर? मग ते घर कसलं? म्हणून रोज सकाळी शेळीपुढे उभं राहून ते त्या दोन ओळी घोटत होते. कुणाला सांगायचं मात्र त्यांना सुचलं नाही. दरसाल येतात तसे येतीलच, त्यात सांगायचं काय?

घरात माणूस गेलं की वर्षभर तळण होत नाही, कंदील टांगत नाहीत. ही रीत तिथं सगळ्याच धर्मांनी वाटून घेतलेली. अण्णांनी ती पाळली. चांदणीचा कंदील माळ्यावरच राहू दिला. चोवीस तारखेला विजयमालाबाईंनी करंज्यांचा डबा आणून दिला. दिवाळीला त्यांचं ताट इकडे यायचं, नाताळला छबुबाईचं तिकडे जायचं.

"ह्या साली दोन्हीकडनं मीच," त्या म्हणाल्या. "लई माजू नका. पुढच्या साली तुमी तळा."

पहाटे पाचाला अण्णा धुतलेलं धोतर नेसून, करंज्यांची परात शेजारी ठेवून, कडी लावून दारामागे उभे होते. वळणावर ढोलकी ऐकू आली. जवळ आली. आणि दारापाशी येण्याआधीच थांबली.

नुसती पावलं वाजत राहिली. कुणीतरी "हळू, हळू" म्हणालं. पावलं दारावरून पुढे गेली. जरा वेळानं पलीकडच्या राधाकिशनच्या दारात पुन्हा ढोलकी वाजली आणि त्याची बायको आतून उत्तर द्यायला लागली.

अण्णा कडी काढून अनवाणीच तिकडे गेले. पेटी गळ्यात अडकवलेला अजिनाथ त्यांना पाहून चपापला.

"अजिनाथ, आमचं घर राहिलं."

"राहिलं न्हाई, अण्णा. दुखाचं घर हाय. तुमी कंदील बी लावला न्हाई. म्हनलं, तुमाला तरास नको. ढोलकीसुद्दा बंद केली बघा."

"त्याचाच तरास झाला रं."

मंडळीतल्या म्हाताऱ्या चंद्रभागाबाईंनी विचारलं, "येऊ की. पर आतनं उत्तर कोन देनार, बाबा?"

"मी."

"तू?"

"म्हैनाभर शेळीला म्हणून दाखवतोय. तिची कायी तक्रार न्हाई."

मागे एक बाई फिसकन हसली आणि लगेच तोंड वळवून उभी राहिली.

मंडळी माघारी आली. अण्णा आत गेले, कडी लावली. बाहेर पेटी सुरू झाली. "बाळ आलंया गारठ्यात, कोण हाय गं घरात?"



अजिनाथनं पुन्हा सूर धरला. पुन्हा तेच विचारलं.

"दिवा हाय," आतून आवाज आला. घंटा बडवावी तसा, एकसुरी. "ऊब हाय."

पुढची ओळ आली नाही. मंडळी थांबली. ढोलकीवाल्यानं चामड्यावर तळहात दाबून धरला. भिंतीपलीकडे विजयमालाबाई उठून बसलेल्या होत्याच. त्यांना ओळ पाठ होती, पण त्यांनी ती म्हटली नाही. म्हणणार तरी कशी, दार दुसऱ्याचं.

कडी निघाली. परात घेऊन अण्णा दारात उभे होते, चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान. सगळ्यांनी सलाम केला, करंज्या उचलल्या. अण्णांनी अजिनाथला जरा बाजूला घेतलं.

"दोन्ही ओळी नीट झाल्या ना रं?"

अजिनाथनं करंजीचा घास चावला. "एक सबुद चुकला न्हाई, अण्णा."

"मंग बरं," अण्णा म्हणाले. "दुसरी मला तिच्या आवाजात ऐकू आली. म्हनलं, मी म्हनलो का तीच म्हनली."

हातातली अर्धी करंजी अजिनाथला पुढं खाता येईना.