‘ले’चा धाक

आमच्या महाविद्यालयात एम.ए. होऊन पीएच.डी. करणाऱ्या मुलांना तासिका तत्त्वावर बी.ए.चे वर्ग मिळतात. त्याआधी त्यांना शिकवायचं कसं, हे शिकवण्याचं काम माझ्याकडे असतं. मी इतिहासाची, आणि जिभेची तिखट.

त्या वर्षी वडनेर भोलजीची एक मुलगी होती. घरी भाजीचा मळा. बापानं बजावलं होतं, यंदा तास मिळाले तर शीक पुढं, नाही तर बस झालं. पहिल्याच सरावाला ती बी.ए.च्या वर्गात फळ्यापाशी उभी राहिली नि म्हणाली, “पोट्टेहो, दुष्काळ म्हंजे पाणी नसते एवढंच नाही. धान्य कोणाच्या घरी कुलपात होतं, ते पाहा. राजाले ते माहीत होतं का? मले तर वाटते, होतं.” मागच्या बाकावरचे टगे मोबाइल विसरून ऐकत होते. आणि मी काय केलं? डस्टर टेबलावर आपटलं. “मले नाही, मला!”

मी जळगाव जामोदची. माझ्या माहेरीही ‘मले-तुले’च. पुण्यात शिकायला गेले तेव्हा एका ‘मले’वर अख्खा वर्ग खिदळला होता. तिच्यावर ती वेळ येऊ नये, असं मी स्वतःला सांगत होते. खरं सांगू? माझी जुनी लाज मी तिच्यावर काढत होते. महिनाभर तिनं ‘ले’ म्हटलं की डस्टर. ठाक! पुढं पुढं ती ‘ले’ तोंडात आला की डोळेच मिटायची.

निवडीच्या दिवशी समिती मागच्या बाकांवर बसली. पाठ चालला होता; पोपटपंची होती, पण चालला होता. तेवढ्यात प्राचार्य दारात आले. आमच्याकडे अशा वेळी वर्गाला उभं करायची पद्धत. ती म्हणाली, “सर आ...” आणि अडकली. ‘आले’तसुद्धा ‘ले’ होताच ना! तिनं घाबरून माझ्याकडे पाहिलं आणि घाईनं म्हणाली, “सर आला, उभे राहा!”

वर्गात हशा फुटला. समितीतल्या एकानं तोंडाला रुमाल लावला. सगळ्यात आधी हसले ती मीच. तिथून पुढं तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. शेऱ्यात ‘भाषेवर पकड नाही’ असं लिहिलं गेलं. खाली माझीही सही आहे. करायला गेले गणपती अन् झाला मारुती, अशी मी चार दिवस स्वतःची समजूत काढली. कसली समजूत, डोंबलाची!

परवा नांदुऱ्याच्या बाजारात वांगी घ्यायला थांबले, तर समोर तीच. एका म्हातारीला सांगत होती, “माय, वांगं दाबून नको पाहू, देठ पाह्य. देठ हिरवा तर वांगं आजचं.” म्हातारी मान डोलवत होती. इतकं नीट शिकवणारं आमच्या विभागात कोणी नाही, माझ्यासकट.

मला पाहून तिनं तागडी उचलली. इतकी वर्षं घासून काढलेली बोली आपसूक माझ्या तोंडात आली.

“माह्यं चुकलं, बाई. मले माफ कर.”

तिनं वांगी तोलली, माझ्या पिशवीत ओतली. हसली नाही.

“मॅडम,” ती म्हणाली, “मला.”