पणजोबांचं नाव

माझा मोठा भाऊ उरल्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि मी बीरगावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवतो. माणूस माकडासारख्या प्राण्यापासून घडत आला, असं मी एकदा जेवताना पुतणीला सांगितलं आणि भाऊ भडकला. "तुहे पूर्वज असतील माकडं, माहे नाही! आपल्याले देवानं घडवलं." मीही काही कमी तापट नाही. त्यानंतर प्रत्येक सणाला ताटावर तोच वाद. आमच्या मधे बसलेले बाबा म्हणायचे, "काहून भांडून राहिले बाप्पा? जेवा ना."

यंदा बाबांचं वर्षश्राद्ध झालं. गुरुजींनी तीन पिढ्यांची नावं विचारली. भावानं बाबांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं आणि पणजोबांपाशी अडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मलाही ठाऊक नव्हतं.

"नुसतं पणजोबा म्हणा," गुरुजी म्हणाले.

त्या दिवशी पंगतीत आम्ही दोघं शेजारी बसलो, मधे बाबा नव्हते. इतकी वर्षं पूर्वजांवरून एकमेकांवर ओरडलो, आणि ज्यांना ते नाव ठाऊक होतं ते बाबा तेव्हा आमच्या मधेच बसून जेवत असायचे.